आकडा

मेलेल्यांना मंत्र लागत नाहीत.
सव्वीस वर्षं या खाडीकाठी खांबावर चढतोय, म्हणून सांगतो,
त्यांचीही लाइन कुठून तरी येते.

देवचाराची येते शिवेवरून.
वर्षाला एक कोंबा, रोट, विडी,
आणि अख्ख्या गावाने घाबरून केलेला नमस्कार.
देवळात नव्या वहाणा ठेवतात त्याच्यासाठी,
वर्षभरात तळ झिजतात.
तेच त्याचं मीटर. थकबाकी नाही.

मुंजा पिंपळावर, न झालेल्या लग्नावर चालतो.
एरवी झिरोच्या बल्बसारखा मिणमिण,
पण वाडीत कुठं सनई लागली
की वारा नसताना पानं वाजतात.

चकव्याचं स्वतःचं काहीच नाही.
वाट चुकलेल्याच्या पायांतून जी ताकद गळते
ती तो खाली बसून झेलतो,
माडाच्या पोयीला बांधलेल्या मडक्यासारखा.

आणि गिऱ्हा भरतीवर.
उधाणाला माडाएवढा. भांगाला गुडघ्याएवढा,
तिवरांच्या मुळांत अंग चोरून बसलेला,
पाग टाकायला आलेली पोरं
कुर्ली समजून दगड मारतात त्याला.

असं मी धरून चाललो होतो.

गेल्या कार्तिकात, अष्टमीच्या रात्री,
पलीकडच्या वाडीचा एक फेज गेला.
एकटाच होडी वल्हवत निघालो, पायाशी तारेचं भेंडोळं.
मध्यावर तो उभा होता.
भांगाची रात्र, पाणी मेल्यागत निपचित,
आणि हा माडाच्या वर चार हात.

एवढा लोड कुठून?

म्हणतात, त्याचा एक केस हाती लागला
तर जन्मभर तुमच्या घरी पाणी भरतो.
मी केसांकडे बघितलं ते त्यासाठी नाही.
त्यांतून एक बारीक तार निघाली होती,
पाण्यावरून, तिवरांवरून, आमच्या काठाकडे.
तार दिसली की तिच्यामागे जायचं,
मला दुसरं काही येत नाही.

होडी वळवली.
मिठागराचा बांध, कोयंड्यांची वाळत टाकलेली जाळी,
भाताची गिरणी, एका रहाटाला पडलेला वेढा.
रहाट माझ्याच विहिरीचा होता.

मागीलदारी चुलीपाशी अनशी पान वाढत होती.
तिसरं. घरात माणसं दोन.
भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिकलं, कडेला मीठ.
"बाबली," ती हळूच म्हणाली, "जेवान निवता हां."

तिचा भाऊ. अकरा वर्षं झाली.
रापणीची होडी उलटली, चौघे परत आले,
त्याची फक्त एक चप्पल आली, डावी.
पिंडाला ही बसलीच नाही.
कावळो शिवलो तर तो गेलो म्हणान मानूचा लागात,
एवढंच बोलली होती.

मी समजायचो, रात्री मांजरासाठी वाढते.

मीटर तिच्यात फिरत होतं.
मनगटावर सैल झालेल्या बांगड्या, गळ्याची हाडं.
देवगडच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं, रक्त कमी.
खिशात पक्कड होती, लाल मुठीची.
खात्याचा नियम साधा आहे,
आकडा दिसला की काढायचा, पंचनामा करायचा.
हात खिशात घातलासुद्धा.
तार तिच्या पदरातून निघत होती,
काचबिंदी शिवणीच्या धाग्याएवढी, आणि कोमट.

पक्कड चुलीमागे ठेवली. हात धुतले.
तिसऱ्या पानासमोर बसलो, आणि अकरा वर्षांत
पहिल्यांदा मीही हाक मारली,
"ये रे मेल्या, जेवूक ये."
आमच्यात जिवंतांनाच मेल्या म्हणतात.

छातीत काहीतरी ओढलं गेलं, बारीक, काट्यासारखं.
अनशीने माझ्याकडे बघितलं,
मग काही न बोलता चौथा पाट मांडला, माझा.
लोड दोघांत वाटला की तार कमी तापते.

पलीकडे अजून काळोखच होता.
पहाटे गेलो फेज जोडायला.
खांब तिवरांत, चिखलात उभा, शिडी एका बाजूने रुतलेली.
चढताना ती हलली नाही.
खाली बघितलं नाही मी.
वरूनच म्हटलं, धर जरा घट्ट.